मुद्दा छत्तीस

सभेचं इतिवृत्त मी लिहिते,
बावीस वर्षं झाली.
जे बोललं गेलं ते लिहिते,
जसं बोललं गेलं तसं नाही.
थोडं धुऊन.

मार्चमध्ये सार्वमत झालं.
व्हाल्ब्रेन गावानं या प्रांतातून निघावं,
डोंगरापलीकडच्या प्रांतात जावं का?
प्रश्न एका ओळीचा होता.
नऊ मतांनी सुटला.
त्या रात्री चर्चची घंटा वाजवावी की वाजवू नये
म्हणून दोर दोघांनी दोन बाजूंनी धरला
आणि ती वाजलीच,
ओढाताणीत, वेडीवाकडी, पहाटेपर्यंत.

आजची अकरावी सभा. शाळेच्या व्यायामशाळेत,
कारण पंचायतीच्या खोलीत आता राग मावत नाही.
बास्केटबॉलच्या जाळीखाली
हरलेले बसलेत, हाताची घडी घालून.
भांडतायत ते जिंकलेले.

बेकरीवाला सिल्व्हेर म्हणतो, उद्याच.
त्याचा मेहुणा जर्मेन म्हणतो, आधी करार, मग उंबरठा.
फलक दोघांनी मिळून लावला होता;
एक शिडीवर, एक शिडी धरून.
आता जर्मेन पाव आणायला
सात किलोमीटर गाडी मारतो.

अग्निशमनाची गाडी कुणाची?
निम्मे पैसे त्यांचे होते.
"मागची चाकं देऊन टाका," मागून कुणीतरी.
मी 'हशा' असं लिहीत नाही.
गाईंच्या कानातले बिल्ले बदलायचे,
कुणाच्या खर्चानं?
ज्यांच्या बापजाद्यांच्या नोंदी त्या दप्तरात आहेत
त्यांनी काय ट्रक घेऊन जायचं?
वृद्धाश्रमातून गिस्लेनबाई आल्यात,
चाकांच्या खुर्चीत, मांडीवर कांबळं.
विचारतात, माझी रात्रपाळीची नर्स
इकडची राहणार की तिकडची होणार?
अध्यक्ष म्हणतात, समिती नेमली आहे.
बाई म्हणतात, समिती
रात्री तीनला उठून पाणी देईल का?

हे मी न धुता लिहिलं.

'लोकांनी सांगितलंय'
हे वाक्य आज चौदा वेळा आलं.
समासात मी रेघा मारत होते,
पाच झाल्या की आडवी.
चौदाही वेळा लोक वेगळे,
सांगणं वेगळं.

मला ती चिठ्ठी आठवत राहते.
मोजणीच्या टेबलावर मीही होते.
दोन्ही चौकोन रिकामे सोडून
खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
हो, पण
पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा.
आम्ही चौघांनी ती दिव्याखाली धरली,
पालथी करून पाहिली.
नियम सात. बाद.
लाल शिक्का मीच मारला.
अक्षर ओळखीचं होतं. सांगणार नाही.

आता इथे तीनशे माणसं
त्या बाद चिठ्ठीवर दाटीवाटीनं उभी आहेत
आणि जो तो 'पण'च्या पुढचं
मोठ्यानं वाचून दाखवतोय.

साडेदहाला ओरेल आत आला.
बर्फ काढायचा नांगर चालवतो तो.
टोपी हातात, बुटांना पांढरा चिखल.
विषयपत्रिकेत त्याचं नाव नव्हतं.
म्हणाला, रात्रीतून गुडघाभर पडणार.
आजवर मी आपल्या बाजूनं
गिरणीच्या पुलापर्यंत साफ करायचो,
पुढचं ते.
आता कुठून वळू?

"कायद्यानं पाहिलं तर..." अध्यक्ष.
"तत्त्वतः..." जर्मेन.
"उद्याच!" सिल्व्हेर, सवयीनं.
जाळीखालून पहिल्यांदाच कुणीतरी हसलं,
आणि लगेच खोकलं.
ओरेल उभा राहिला तेवढा वेळ राहिला.
मग टोपी घातली.

मुद्दा छत्तीस: पुढील सभेत.
खाली शिक्का हवा.
डबीत दोन आहेत, जुना आणि नवा.
नव्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
मी नुसती सही केली.

बाहेर इंजिन सुरू झालं,
पिवळा दिवा खिडक्यांवरून फिरत
पुलाच्या दिशेनं गेला.
पुलापाशी देवदारांची गर्दी आहे.
तो कुठे वळला
ते इथून दिसत नाही.